गुडघ्यातली उडी

यंदाही मल्लेश्वरमच्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागले आणि माझं डोकं फिरलं. दरवर्षी फिरतं. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची थोरली बहीण. डिसेंबरात येते, संक्रांत झाली की परतीला लागते, आणि असते तोवर बेंगळुरूला दुसरं काही सुचू देत नाही. उपम्यात ती, सारात ती, तांदळाच्या अक्की रोट्टीत ती, आणि तिखटमीठ लावून तळली की पुडीतही तीच. शेंगांना एक तेलकट, हिरवा, जरा उग्र वास असतो. इथली माणसं त्याला सोगडु म्हणतात आणि शेंग आधी नाकाशी धरून मगच भावाचं बोलतात. पुण्यामुंबईहून नवीन आलेले नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मला हा वास मनापासून आवडतो, आणि तो आला की मला कोणाशी तरी भांडावंसं वाटतं.

कारण अशाच एका अवरेच्या मोसमात मी एक खेळ केला होता. फोनवरचा. गच्च्यांवरून उड्या मारत पुढे जाणाऱ्या एका मुलीचा.

आता फोनवरचा खेळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी चकचकीत येतं. तेव्हाचा फोन म्हणजे बोटाएवढी बटणं आणि काडेपेटीएवढा पडदा. अख्खा खेळ इतक्या थोड्या जागेत कोंबायचा की आज सकाळी तुमच्या फोनवर जे गुलाबाचं सुप्रभात आलं असेल ना, त्यात आमचे कितीतरी खेळ बसून वर जागा उरली असती. इंदिरानगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली मालकांची दोन कुत्री, वर आम्ही. प्रोग्राम मी लिहायची आणि चित्रं बसवराज काढायचा. बसवराज विजापूरकडचा. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि रागावला की दोन्ही. चित्रं म्हणजे काय, ठिपके. परदेशातल्या गिऱ्हाइकाने टोपीवाला मुलगा मागितला होता. बसवराजने कागदावर चौकटी आखून पाहिल्या आणि म्हणाला, "मंदाकिनी, टोपीला जेवढे ठिपके जातात ना, तेवढ्यात वेणी होते." झालं. मुलाची मुलगी झाली. तिच्या पायाखाली आम्ही आमचंच गाव घातलं. मंगलोरी कौलं, सिमेंटच्या टाक्या, दोरीवर वाळणाऱ्या साड्या, मधूनमधून नारळाचं झाड.

पहिल्या खेपेला ती मुलगी सगळ्या खेळांतली माणसं उडतात तशीच उडायची. बटण दाबलं की वर. मला त्यात काही खटकलं नव्हतं. मी शहाणी, इंजिनियर, मला कशाला खटकेल?

ऑफिसचा फोन मी शनिवारी घरी आणला होता. आमचं तेव्हाचं घर म्हणजे पद्मक्कांच्या घराचा वरचा मजला. पद्मक्का घरमालकीण, पण भाड्याखेरीज सगळ्या गोष्टींत आईची मैत्रीण. त्या दुपारी मागच्या पायरीवर दोघी आणि शेजारच्या विमलाबाई, अशा अवरे दाबत बसल्या होत्या. रात्रभर भिजवलेल्या दाण्याचं साल दुसऱ्या दिवशी फुगतं. अंगठा आणि बोट यांच्यात दाणा धरायचा आणि हलकेच दाबायचा, की आतली गुळगुळीत डाळ बाहेर निसटते. जोर केला तर ती थेट कोनाड्यात जाऊन पडते, आणि हात फारच हलका राहिला तर साल सुटत नाही. परातीत डाळ, सुपात सालं, बोटांना वास, आणि तोंडाने अख्ख्या गल्लीचा हिशेब. ऊन पायरीच्या कडेपर्यंत येऊन थांबायचं. बेंगळुरूच्या हिवाळ्यातलं ऊन फार गुणी असतं.

"काय करालीस गं त्या डबीशी?" आईने विचारलं. आई निपाणीची, आणि इतकी वर्षं इकडे राहूनही तिची बोली निपाणी सोडून आलेली नाही.

मी दाखवलं. आईने मान वाकडी करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ही पोर गुडघा न वाकवता उडते कशी?"

"खेळ आहे आई तो."

"असू दे की. खेळात गुडघे नसतात काय? भुतासारखी वर जाते बघ. माणूस आधी वाकतो."

आणि आई उठली. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचला, सालांचं सूप पुढ्यात ओढलं, गुडघ्यांत वाकली, क्षणभर तशीच राहिली आणि टुणकन पलीकडे. पद्मक्का इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली डाळ पायऱ्यांवरून खाली गेली. आई मात्र हसत नव्हती. "बघितलंस? तुझे बाबा खुर्चीतून उठतानासुद्धा आधी वाकतात," ती म्हणाली आणि पुन्हा परातीशी बसली.

सोमवारी मी बसवराजला सांगितलं. त्याने एक चित्र वाढवलं, वाकलेल्या मुलीचं, आणि त्याला जागा करायला आभाळातले पक्षी उडवून लावले. मी प्रोग्राम बदलला. बटण दाबलं की ती वाकणार. दाबून धराल तितकी जास्त वाकणार. आणि उडणार कधी, तर बटण सोडल्यावर. एवढाच बदल. पण एवढ्याने त्या ठिपक्यांत वजन आलं. आतापर्यंत ती पडद्यावर सरकत होती, आता ती जमिनीवर उभी राहायला लागली. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तिला उगाचच वीसेक वेळा उडवून बघितलं.

मग अख्खा मोसम आमच्या खेळाची परीक्षा त्या पायरीवर झाली. शनिवारी फोन आणायचा, पातळ पारदर्शक पिशवीत घालून तोंड दोऱ्याने बांधायचं, म्हणजे अवरेचे ओले हात लागले तरी चालतील. डावा हात दाण्यांत, उजवा अंगठा बटणावर. एका अंगठ्याने जमलं नाही तर बायका फोन खाली ठेवायच्या, आणि त्यांनी खाली ठेवला की मला कळायचं, इथे आपलं चुकलं. दोन गच्च्यांमधलं प्रत्येक अंतर मी पद्मक्कांच्या अंगठ्यावर बेतलं. विमलाबाई पडल्या की मुलीलाच शिव्या द्यायच्या, "घाई नडली तुला, सटवे." तुम्ही मला सांगा, खेळ करणाऱ्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र काय हवं?

मॅनेजरला ते आवडलं नाही. त्याला काय, गिऱ्हाइकालाच आवडलं नाही. तिकडून निरोप आला, बटण दाबल्यावर मुलगी उशिरा उडते, दुरुस्त करा. मॅनेजर खुर्ची फिरवून म्हणाला, "हे लॅग आहे. बग आहे. काढून टाक."

"इट्स नॉट अ बग, सर," मी म्हटलं. "इट्स अ नी."

तो हसला नाही. मी नवी होते, नोकरी अजून कायम झालेली नव्हती, बाबा नुकतेच सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते, आणि हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्याने ते सौम्य आवाजात मला आठवूनही दिलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी नाही म्हटलं. करायचं तर दुसऱ्याकडून करून घ्या, मी हात लावणार नाही.

त्याने खरंच दुसऱ्याकडून करून घेतलं. गुडघा काढला. आणि काय झालं, ती मुलगी प्रत्येक गच्ची ओलांडून पलीकडच्या खड्ड्यात जायला लागली, कारण सगळी अंतरं वाकण्याच्या हिशेबाने आखलेली होती. आता सगळ्या गच्च्या नव्याने काढायला हव्या होत्या. मॅनेजर बसवराजला शोधायला गेला, तर बसवराज पोटात दुखतंय म्हणून संक्रांतीला गावी निघून गेलेला. त्याचं पोट आयुष्यात त्याआधी कधी दुखलं नव्हतं. खेळ द्यायचा दिवस डोक्यावर आला आणि शेवटी गुडघ्यासकटच खेळ बाहेर पडला.

नावं मात्र आली नाहीत. शेवटच्या पडद्यावर आमची दोघांची नावं घाला, एवढंच मी मागितलं होतं. मॅनेजर म्हणाला, जागा नाही. कंपनीचं चिन्ह गोल फिरत फिरत यायचं, त्याला होती. मंदाकिनी हुक्केरीकर या नावाला नव्हती. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मोठ्या मनाने सोडून द्यावं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझं मन तेवढं मोठं नाही.

त्या खेळाचं पुढे काय झालं ते मला आनेकलच्या बसमध्ये कळलं. धाकटी बहीण आनेकलला दिलेली, तिच्याकडे निघाले होते. बस कामगारांनी भरलेली. पुढच्या बाकावर शिवणाच्या कारखान्यातल्या दोघी, गळ्यात ओळखपत्रं, दोघींत एक फोन. एकीचा अंगठा बटणावर, दुसरी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून. दुसरी म्हणत होती, "तडी… तडी… ईग बिडू." थांब, थांब, आता सोड. आणि सोडलं की दोघींचे खांदे एकदम वर व्हायचे. माझी मुलगी गच्ची ओलांडून गेलेली असायची. त्या बाईला कोणी समजावलं नव्हतं की हा लॅग नाही. तिने अंगठ्याने ओळखलं होतं. मी मागे बसून रडले, आणि शेजारच्या अज्जांनी मला खिडकीची जागा दिली. त्यांना वाटलं, बस लागतेय.

पुढे काय व्हायचं ते झालं. कंपनी विकली गेली, ज्यांनी घेतली त्यांनीही विकली. ते फोन भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर खेळही. बसवराज विजापूरला परतला आणि त्याने दुकानांच्या पाट्या करायचा धंदा टाकला. मी बँकांचे प्रोग्राम लिहीत राहिले, ज्यात कोणी उडी मारत नाही. पद्मक्का गेल्या. विमलाबाई मुलाकडे म्हैसूरला गेल्या. आईचे दोन्ही गुडघे बदलले. ती आता खुर्चीवर बसून अवरे दाबते, कारण तिला खाली बसता येत नाही, आणि दाबलेल्या अवरेची पाकिटं दहा मिनिटांत घरपोच मिळतात हे तिला मान्य नाही.

अधूनमधून कोणीतरी जुना फोन चालू करून आमच्या खेळाची चित्रफीत टाकतं. खाली लोक लिहितात, लहानपणी आईच्या फोनवर खेळायचो, ती वाकायची ते आठवतं. सगळ्यांना नेमकं तेच आठवतं. आभाळात पक्षी नव्हते हे कोणालाच खटकलेलं नाही.

आणि यंदा, याच अवरेच्या दिवसांत, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महादेवपुऱ्यातून फोन आला. तो खेळ आता ज्यांच्याकडे आहे ती मंडळी नव्या फोनसाठी तो पुन्हा काढताहेत. बोलणारा मुलगा पुण्याचा, नाव अद्वैत. "काकू… सॉरी, मॅम, तुम्ही आमच्यासाठी लेजंड आहात." मॅजेस्टिकला मेट्रो बदलून मी गेले. काचेची इमारत, गाद्यांच्या खुर्च्या, ज्यांतून उठताना मला आधी बाजूला कलंडावं लागलं. अद्वैत गोड मुलगा होता, हे मी आधीच सांगते. त्याने माझ्यासाठी मुद्दाम बिनसाखरेची कॉफी सांगितली होती.

त्याने आधी मला पहिला पडदा दाखवला. सोनेरी अक्षरांत, मूळ निर्मिती, मंदाकिनी हुक्केरीकर. मोठ्या कार्यक्रमात मला म्हैसुरी पेटा बांधणार होते, शाल देणार होते. मी ते नाव वाचलं. परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. इतकी वर्षं ज्या जागेसाठी मी मनातल्या मनात भांडत होते, ती जागा माझ्यापुढे चकाकत होती, आणि मला ती हवी होती. लाज कसली त्यात? हवी होतीच.

मग मी खेळून बघितलं. पडद्याला बोट लागलं आणि मुलगी वर. सरळ पायांनी. वेणी सुंदर होती, साड्या वाऱ्यावर हलत होत्या, आणि ती पतंगासारखी तरंगत होती. पडली की एक जाहिरात बघायची, की ती पुन्हा उठणार.

"ही वाकत का नाही?" मी विचारलं.

"ॲक्च्युअली मॅम, ते आम्ही ठेवलेलं आधी. पण युजर टेस्टिंगमध्ये लोकांना वाटलं की लॅग आहे. फर्स्ट मिनिटातच सोडून जात होते. म्हणून मग फिक्स केलं."

तोच शब्द. माणूस नवा, आवाजात माया, आणि शब्द तोच. मी कॉफी खाली ठेवली.

"कोणाकडून करवून घेतलंत हे टेस्टिंग?"

"इथलेच, ऑफिसमधले. आणि थोडे ऑनलाइन."

"हात ओले असलेलं कोणी होतं त्यांच्यात?"

त्याला प्रश्न कळला नाही. मी त्याला पायरी सांगितली, परात सांगितली, आई सुपावरून कशी उडाली ते सांगितलं. तो मनापासून ऐकत होता. "मॅम, ही स्टोरी तुम्ही स्टेजवर सांगाच. लोकांना फार रिलेट होईल."

"गुडघ्याची गोष्ट स्टेजवर सांगू आणि खेळात गुडघा नाही?"

त्याने खेळ पुन्हा पहिल्या पडद्यावर नेला. मी म्हटलं, "अद्वैत, एक काहीतरी करा. गुडघा ठेवा, नाहीतर माझं नाव काढा."

"मॅम, तुमचं नाव पहिल्यांदाच येतंय. अशी संधी…"

"मला ठाऊक आहे. तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"आणि खरं सांगायचं तर," तो अवघडून म्हणाला, "परमिशनची तशी गरज नाहीये. राइट्स सगळे आमच्याकडेच आहेत. फक्त तुम्ही असतात तर छान वाटलं असतं."

खरंच होतं ते. मुलगी त्यांची, वेणी त्यांची, गच्च्याही त्यांच्याच. मी म्हटलं, घेऊन जा पोरीला. पण ती माझी म्हणून मिरवू नका, कारण माझी पोर अशी उडत नाही.

आठवड्याने त्याचा फोन आला. वरिष्ठांनी नाव काढायचं ठरवलं होतं. त्याचा आवाज पडलेला होता, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलं असावं. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझं काम तू केलंस. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात घासली. वाईट वाटलं. फार वाटलं. पण पस्तावा झाला नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे लोकांना का कळत नाही कोण जाणे.

मला एक सांगा, उशीर कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं? सिग्नलला हिरवा दिवा लागायच्या आधी मागचा हॉर्न वाजवतो, त्याने? दहा मिनिटांत सोललेली अवरे दारात आणून टाकणाऱ्याने? वाकायला वेळ लागतो. भिजायला रात्र लागते. त्या वेळात काही चुकलेलं नसतं, काही अडलेलं नसतं, माणूस तयार होत असतो. ज्याला एवढंही थांबवत नाही त्याने खुशाल जावं पहिल्या मिनिटात. बसमधल्या त्या दोघी थांबल्या होत्या. दिवसभर मशीनवर राबून आलेल्या बायका, आणि एकमेकींना थांब म्हणत होत्या. त्यांना तुम्ही लॅग शिकवणार?

मी विजापूरला फोन लावला. "बसवराज, पोट कसं आहे?"

"का? कुणाशी भांडलीस?" तो म्हणाला. माणूस ओळखतो मला.

आता आम्ही दोघं मिळून एक नवा खेळ केला आहे. फुकट. ज्याला हवा त्याने घ्यावा. यात मुलगी नाही, गच्च्या नाहीत, त्यांचा एक ठिपकासुद्धा नाही. एक म्हातारी आहे, नऊवार नेसलेली, भर बाजारातून निघालेली. टोपल्या, हातगाड्या, झोपलेली गाय, खणलेला रस्ता, हे सगळं ओलांडून तिला घरी पोचायचं आहे. ती वाकते. दाबून धराल तितकी वाकते, कमरेवर हात ठेवून, आणि सोडलंत की अशी उडते की बाजार बघत राहतो. महादेवपुऱ्याहून नोटीस आली तर येऊ दे. हक्क त्यांचे असतील कशाकशावर. गुडघ्यावर कोणाची मालकी नसते.

काल दुपारी तो तयार झाला आणि मी फोन आईच्या हातात दिला. हातात काय, परातीशेजारी, पिशवीत बांधून. आईने खुर्ची उन्हात ओढून घेतली, अंगठा पदराला पुसला आणि पडद्यावर ठेवला. पहिला पडदा उजळला. सगळ्यांत वर मंदाकिनी हुक्केरीकर, मोठ्या अक्षरांत, बसवराजने पाटीसारखं रंगवलेलं. त्याखाली बसवराज. मग सावकाश, एकामागून एक, पद्मक्का, विमलाबाई, आणि आई.

आईने अंगठा दाबला. पुन्हा दाबला. इकडून सरकवलं, तिकडून सरकवलं.

"मंदे, हे नावांचं पुढं ढकलायचं कुठलं बटण?"

"ते बटण मी केलेलंच नाही, आई. चष्मा लाव आणि वाच."